पाऊलबाईंचं राहिलेलं भाषण

सिनेमातली नायिका जिना उतरून खाली येते, तेव्हा तिच्या पावलांचा जो आवाज आपण ऐकतो, तो तिचा नसतो. चित्रीकरणाच्या वेळी शंभर माणसांचा कालवा चाललेला असतो, वर दिवे घोंघावत असतात, पायाखाली गादी अंथरलेली असते. त्यात पावलं कुठली ऐकू यायला? ती मागाहून भरावी लागतात. एका बंद खोलीत पडद्यावर चित्र लावतात, समोर कुणीतरी उभं राहतं आणि पडद्यावरच्या पायाबरोबर आपला पाय टाकतं. माइक खाली, घोट्याशी. एवढंच काम. पण ज्याला जमतं त्यालाच ते जमतं.

पाऊलबाईंना ते एकतीस वर्षं जमत आलं होतं. त्यांच्या भाषेतल्या सिनेमांत या एकतीस वर्षांत जेवढ्या बायका चालल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक त्यांच्या पायांनी चालल्या. राण्या चालल्या, नर्सा चालल्या, खून करून पळणाऱ्या पळाल्या. त्यांचं खरं नाव कागदोपत्री होतं. स्टुडिओत ते कुणाला आठवत नसे. "पाऊलबाईंना बोलवा" म्हटलं की माणूस बरोबर त्यांच्याच दारात येऊन उभा राहायचा. दारात मात्र जपून उभं राहावं लागे, कारण तिथं पंचवीस-तीस पायताणं कायम पडलेली. टाचांची, बिनटाचांची, कुरकुरणारी, एकाच पायाची. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो ढीग बघून उंबऱ्यावरूनच परत फिरला होता. "एवढे पाहुणे आलेत, मी नंतर येतो," म्हणाला. घरात मायलेकी दोघीच होत्या.

या कामात स्वतःचं असं एक शहाणपण असतं, आणि पाऊलबाईंना त्याचा अभिमान होता. तो त्या लपवत नसत. नवा दिग्दर्शक म्हणे, "मावशी, ही रागावलीय, टाचा आपटा." त्या म्हणत, "बाळा, तुझ्यावर अजून कुणी नीट रागावलेलं नाही. खरी रागावलेली बाई हळू चालते." आणि तशी हळू चालून दाखवत. काचेमागं बसलेल्यांच्या अंगावर काटा यायचा.

त्यांना या कामात आणलं आप्पांनी.

आप्पा म्हणजे स्टुडिओतले ध्वनिमुद्रक. त्या वेळी त्यांची सत्तेचाळिशी आणि पाऊलबाईंची सत्ताविशी. पाऊलबाई तिथं लादी पुसायला होत्या. एका सिनेमात एक म्हातारी भरलेली बादली घेऊन दगडी पायऱ्या चढते, एवढंच दृश्य होतं, आणि ते सकाळपासून अडून बसलं होतं. तीन माणसं चालून बघून झाली. एक तर नाचाचा मास्तर होता. आप्पा काचेमागून सारखे मान हलवत होते. पाऊलबाई दाराशी फडकं पिळत उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना.

"हसतेस काय गं?" आप्पा बाहेर येऊन म्हणाले.

"काही नाही, साहेब."

"काही नाही कसं? दात दिसले मला."

"ते रिकाम्या हातानं चालतायत," पाऊलबाई म्हणाल्या. "भरलेली बादली हातात असली की एक पाय जड पडतो. आणि दर चौथ्या पायरीला माणूस थांबतो, हात बदलायला."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या बादलीकडं पाहिलं. "घे ती बादली," म्हणाले. त्यांनी घेतली. नाचाचा मास्तर खुर्चीवर बसून बघत राहिला आणि म्हातारी पायऱ्या चढून गेली. काम संपल्यावर आप्पांनी व्यवस्थापकाला हाक मारून सांगितलं, "उद्यापासून ही पुसायला येणार नाही. पुसायला दुसरं कुणी बघा." बस. ना कौतुक, ना पाठीवर थाप. पाऊलबाईंच्या हातातलं फडकं त्या दिवशी सुटलं ते सुटलंच.

पुढं आप्पांनी त्यांना सगळं शिकवलं. वाळूच्या पेटीत कसं उभं राहायचं, ओल्या फरशीसाठी चामडं कसं भिजवायचं, पडद्यावरच्या पायाकडं न बघता खांद्याकडं का बघायचं. खांदा आधी हलतो, पाय मागून येतो. शिकवताना त्यांनी कान उपटले, चपला फेकल्या, एकदा तर अख्खी रात्रीची गस्त सतरा वेळा चालवून घेतली. पाऊलबाईंनी सगळं सोसलं आणि सगळं घेतलं. आभार मात्र कधी मानले नाहीत. आज मानू, उद्या मानू असंही नव्हतं. घरच्या माणसाचे कुठं कुणी आभार मानतं, असं त्यांना वाटत आलं होतं. त्यात एकतीस वर्षं गेली.

मग त्या वर्षी चित्रपट मंडळाचं पत्र आलं. त्यांच्या भाषेतला सिनेमा काही फार मोठा नव्हता, पण त्याचा वार्षिक पुरस्कार सोहळा दणक्यात व्हायचा. नट, नट्या, दिग्दर्शक, कवी सगळे यायचे; टीव्हीवर दाखवायचे. या वर्षापासून पडद्यामागच्या एका माणसाचा गौरव करायचा असं मंडळानं ठरवलं होतं, आणि पहिला मान पाऊलबाईंना दिला होता. लेकीनं पत्र तीनदा मोठ्यानं वाचलं. पाऊलबाईंनी चौथ्यांदा वाचायला लावलं आणि तडक आप्पांच्या घरी निघाल्या.

आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. घरात टीव्ही लावून बसले होते. पडद्यावर बातम्या देणारी बाई तोंड हलवत होती. घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, कारण टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता.

आप्पा पाऊलबाईंकडं बघून हसले. "ये. आवाज फार मोठा आहे का? कमी करू?"

पाऊलबाईंच्या हातातलं पत्र हातातच राहिलं.

आप्पांच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. वर्षभरापासून कान चाललेत. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग माणसं. डॉक्टर म्हणतात, जे थोडं उरलंय तेही काही महिन्यांचं. "आणि कानाचं मशीन?" पाऊलबाईंनी विचारलं. वहिनींनी कपाळाला हात लावला. "आणलं की! तासभर घातलं. म्हणाले, 'हा आवाज कुठल्या नालायकानं भरलाय? चुरगाळलेला कागद ऐकल्यासारखं वाटतं.' काढून ठेवलं ते ठेवलंच. आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. आवाजाचा माणूस बहिरा झाला म्हणून लोक हसतील म्हणे. तुला म्हणून सांगितलं."

परत येताना पाऊलबाईंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. या माणसाला आपण एक वाक्य द्यायचं राहिलंय, आणि ते घ्यायला त्याच्याकडं आता थोडेच दिवस उरलेत. घरी बसून बोलावं तर पोचायचं नाही. मग त्यांना सोहळा आठवला. तिथं रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे भोंगे असतात. त्या भोंग्यांतून बोललेलं दगडालासुद्धा ऐकू जाईल. ठरलं. आप्पांचे आभार तिथूनच मानायचे.

भाषण लेकीनं लिहायला घेतलं. ती शाळेत शिकवत होती, तिला शब्दांची ददात नव्हती. मंडळाचे आभार, अध्यक्षांचे आभार, परीक्षकांचे आभार, वेळोवेळी सहकार्य करणाऱ्या सर्वांचे आभार.

"ही तर मतदारयादी झाली," पाऊलबाई म्हणाल्या.

"आई, असंच असतं भाषण. आता आप्पा. 'माझे मार्गदर्शक आणि प्रेरणास्थान...'"

"प्रेरणास्थान? चपला फेकायचे ते माझ्यावर."

"मग काय लिहू? 'चपला फेकणारे आप्पा' लिहू?"

"ते लिहू नकोसच. तेवढी जागा मोकळी सोड. तिथलं माझं मी बोलेन."

कपडे घ्यायला दुकानात गेल्या तर तिथंही गंमत. दुकानदार ठाणामागून ठाण उलगडत होता आणि पाऊलबाई प्रत्येक कापडाचं टोक कानाशी धरून चुरत होत्या. "बाई, कापड डोळ्यांनी बघतात," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही बघा डोळ्यांनी," त्या म्हणाल्या. "मला गप्प बसणारं कापड हवंय." मिळालं एक, राखाडी. लेकीला रंग आवडला नाही, पण ते खरंच गप्प होतं.

सोहळा संध्याकाळी पाचला होता. पाऊलबाई तीनलाच गेल्या, आप्पांची खुर्ची ठरवायला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक संयोजक मुलगी धावपळ करत होती. तिनं आप्पांना दुसऱ्या रांगेत मधोमध बसवलं होतं.

"तिथं नको," पाऊलबाई म्हणाल्या. "त्यांना त्या कोपऱ्यात बसव, भोंग्यासमोर."

"मावशी, तिथं कुणीच बसत नाही. कानठळ्या बसतात."

"बसू देत. तेच हवंय."

मुलीला वाटलं, मावशींचं आप्पांशी काही जुनं भांडण असावं. पण तिनं चिठ्ठी काढून कोपऱ्यातल्या खुर्चीवर चिकटवली.

सभागृह भरलं. गालिचा, दिवे, अत्तरांचे वास. एक नाच झाला, दोन विनोद झाले, संकलनाचा पुरस्कार झाला, गीताचा झाला. पाऊलबाई पडद्याआड उभ्या राहून कोपऱ्याकडं बघत होत्या. वहिनींनी आप्पांना कडक इस्त्रीचा सदरा घालून आणलं होतं. आप्पा भोंग्यापुढं ताठ बसले होते, आणि समोरचे लोक टाळ्या वाजवायला लागले की तेही वाजवत होते.

मग निवेदिकेनं पाऊलबाईंचं खरं नाव घेतलं. क्षणभर कुणीच उठलं नाही, कारण ते नाव कुणाला माहीतच नव्हतं. "आपल्या सगळ्यांच्या पाऊलबाई!" असं तिनं म्हटल्यावर मागं बसलेल्या स्टुडिओच्या माणसांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पाऊलबाई रंगमंचावर आल्या. एवढ्या बिनआवाजी आल्या की निवेदिका त्यांना वाटेकडं शोधत राहिली, आणि त्या शेजारी उभ्या दिसल्यावर दचकून "अगंबाई!" म्हणाली. लोक हसले. एका मोठ्या नटीनं पुरस्कार हातात दिला. पितळेचा उघडा डोळा होता, चांगला दोन किलोचा. पाऊलबाईंनी तो फिरवून फिरवून बघितला आणि नटीला हळूच विचारलं, "कान नाही का हो याला?" नटी खळखळून हसली. या नटीचीही पावलं त्यांनीच भरली होती, बावीस सिनेमांत.

"आता मावशी दोन शब्द बोलतील," निवेदिका म्हणाली.

पाऊलबाई माइकपुढं उभ्या राहिल्या. कागद लेकीकडंच राहिला होता, त्याची त्यांना फिकीर नव्हती. कोपऱ्यात आप्पा पुढं वाकले होते. पाऊलबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात एक मोठा कॅमेरा लांब दांड्यावरून अलगद त्यांच्यासमोर आला, आणि त्याच्या कपाळावरचा लाल दिवा लागला.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लाल दिवा लागला, की मुद्रण सुरू झालं. मग खोकायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. एकतीस वर्षांत लाल दिव्यासमोर पाऊलबाईंच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. बोलायचं ते पायांनी. दिवा लागला आणि त्यांचं तोंड आपोआप मिटलं. त्या मनात म्हणत होत्या, अगं बोल, हे ते नाही, बोल. जीभ टाळ्याला चिकटून बसली. दिवा विझण्याची वाट बघत शरीर तसंच उभं राहिलं, खांदे सैल, टाचा जमिनीला, जशी सवय होती तसं.

सभागृह शांत झालं. दहा सेकंद, वीस सेकंद. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. निवेदिकेनं हलकेच दंडाला धरलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पाऊलबाई पडद्याआड आल्या. तिथं लाल दिवा नव्हता. "आप्पा," त्या म्हणाल्या, तो शब्द इतका सहज निघाला की त्यांना स्वतःचाच राग आला.

सोहळा संपल्यावर गर्दीतून वाट काढत आप्पाच त्यांच्यापाशी आले. त्यांनी पाऊलबाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"छान बोललीस," आप्पा म्हणाले. "मोजकं. असंच बोलावं."

लेकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पाऊलबाईंनी तिचा हात दाबला.

घरी जाताना लेक म्हणाली, "आई, झालं ते बरंच झालं. त्यांना वाटतंय तू बोललीस. तू कशाला सांगतेस?"

पाऊलबाई म्हणाल्या, "न वाजलेलं पाऊल वाजलं म्हणून मी कधी दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या आप्पांच्या घरी हजर. वहिनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून कपाटात रचत होत्या. आप्पा खिडकीशी बसले होते, चेहरा उतरलेला. पाऊलबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आप्पा, मी काल बोललेच नाही!"

"बस, बस. चहा होतोय."

"मी! काल! बोलले! नाही!"

"कुणाला बोलली नाहीस?"

"कुणालाच! स्टेजवर! एक शब्द नाही! मला तुमचे आभार मानायचे होते, आभार!"

खालच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "वहिनी, काय झालं हो? भांडणं आहेत का?"

वहिनी खिडकीतून वाकून म्हणाल्या, "नाही हो, आभार मानतेय ती!" आणि वळून म्हणाल्या, "अगं, खालच्या मजल्यावर पोचलं, यांना अजून नाही."

मग पाऊलबाईंनी खूण केली. बोटानं स्वतःचे ओठ मिटून धरले आणि मान हलवली. आप्पा बघत राहिले.

"एकही शब्द नाही?"

मान हलली.

"म्हणजे भोंग्यातून काही आलंच नाही?"

पुन्हा मान हलली. आप्पांनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारची रिकामी बशी उडाली. "आणि मी काल घरी आल्यापासून मेल्यासारखा बसलोय!" ते म्हणाले. "टाळ्या आल्या, धबधब्यासारख्या. ढोल आला. त्या निवेदिकेचं गुणगुणणं आलं. आणि तू उभी राहिलीस तर काही म्हणजे काही नाही. म्हटलं, संपलं. नेमका हिचाच आवाज गेला. म्हणजे कान नव्हता गेला. तूच गप्प होतीस, गाढवे!"

"तरीच जेवले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, गुडघा धरलाय."

पाऊलबाई हसता हसता खाली बसल्या. आपल्या चुकीचं कुणाला एवढं सुख होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

"मग आता बोल," आप्पा म्हणाले. त्या बोलल्या, ओरडून. आप्पांनी हात वर केला. "ओरडू नकोस. ओरडलीस की आवाज फाटतो, नुसती खरखर पोचते." ते उठले. खोलीभर नजर फिरवली, स्टुडिओत माइकची जागा शोधताना फिरवायचे तशी. टेबलावर बोटाचं पेर वाजवून कान लावला. नाही. दारावर वाजवलं. नाही. मग कपाटाच्या फळीवर वाजवलं आणि कपाळ तिला टेकवून उभे राहिले. "हे," म्हणाले. "लाकूड जुनं आहे, हाडापर्यंत पोचतं. पण आत कपडे भरलेत, सगळं पिऊन टाकतील. काढा बाहेर."

"आत्ता घड्या घातल्यात मी!" वहिनी म्हणाल्या.

ते वहिनींचं बोलणं कपाटातून आलं नव्हतं, त्यामुळं आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी स्वतःच चादरी, सदरे, टॉवेल उचलून पलंगावर टाकले. वहिनी डोक्याला हात लावून त्या ढिगाशेजारी बसल्या. आप्पांनी पाऊलबाईंना कपाटाच्या उघड्या दाराशी उभं केलं, खांदे धरून जरा डावीकडं सरकवलं, तोंड आत करायला लावलं. स्वतः बाहेरच्या बाजूनं फळीला कपाळ टेकवलं, दोन्ही तळहात लाकडावर पसरले आणि डोळे मिटले.

"साध्या आवाजात," ते म्हणाले. "मला सांगतेस तसं."

रिकाम्या कपाटात डांबरगोळ्यांचा वास होता. पाऊलबाईंनी अंधाऱ्या फळ्यांकडं बघितलं आणि बोलायला लागल्या.

"आप्पा, लहानपणापासून मला एकच सांगत आले. पाय वाजवू नकोस. बाप झोपलाय, वाजवू नकोस. सासरा जेवतोय, वाजवू नकोस. मी इतकी हळू चालायची, की मी घरात आहे हे लोक विसरायचे. कामाच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला फळीवर उभं केलंत, मी चालले, तर तुम्ही म्हणालात, 'कोण आहे का तिथं? वाजव की!' मला तोवर तसं कुणी म्हणालं नव्हतं. पुढचं सगळं, लेकीचं शिक्षण, घर, कालची ती पितळेची वस्तू, सगळं त्याच्यानंतरचं आहे. माझे पाय वाजले ते तुमच्यामुळं, आप्पा. तुमचे फार..."

त्यांनी तोंडाला हात लावला.

कपाटाच्या बाजूनं आप्पांचा आवाज आला, जाडसर.

"शेवटचा शब्द गिळलास."

"अहो, रडतेय ती," वहिनी पलंगावरून म्हणाल्या, आणि उठून तेच वाक्य त्यांनी कपाटात डोकं घालून पुन्हा म्हटलं.

"रडू दे," आप्पा म्हणाले. त्यांनी कपाळ फळीवरून काढलं नाही. "रडून झालं की परत घेऊ. मला कुठं जायचंय?"